तीस रमजानचा शिक्का

१

तुम्ही एका माणसाच्या नावावर खोटं लिहिलंत. राजधानीत, चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून लिहवून घेतलंत, खाली त्याचाच शिक्का मारलात आणि बत्तीस वर्षं त्यावर निवांत बसून राहिलात. तुमचं पद मला माहीत होतं. आता नावही कळलंय. ते मी इथे लिहीत नाही. का, ते शेवटी सांगतो. आधी काय झालं ते ऐका, कारण तुमची अशी समजूत दिसते की तल्ल-शीहसारख्या वाळवंटातल्या गावात कुणाला वाचता येत नाही.

माझं नाव मिस्बाह. मी पाट्या रंगवतो. या नोव्हेंबरात, जैतून तोडणीच्या गडबडीत, नगरपालिकेने मला काम दिलं. नव्या संग्रहालयासमोर जे हेलिकॉप्टर चौथऱ्यावर उभं केलंय, त्याचा इतिहास पत्र्याच्या फलकावर रंगवायचा. उद्घाटन गुरुवारी.

हेलिकॉप्टर म्हणजे आमची जरादा नंबर सात. जरादा म्हणजे टोळ. काचेचं गोल डोकं आणि मागे काडीसारखी लांब शेपटी बघून तळावरच्या लोकांनी पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं. लढाईचं यंत्र नव्हतंच ते. दोन माणसं, एक दुर्बीण, आणि खाली बघत राहायचं. एकोणीस वर्षं ती खाली बघत राहिली. सरहद्दीवरच्या चाकांच्या खुणा तिने पाहिल्या, बर्फात अडकलेले मेंढपाळ शोधले, पुरात वाहून गेलेला पाण्याचा टँकर शोधला, आणि एकदा तर सुईणीला मांडीवर पेटी देऊन थेट तंबूच्या दारात उतरवलं. एका वर्षी खरी टोळधाड आली तेव्हा ती कुठे उतरलीय ते बघायलाही हिलाच पाठवलं. जरादा माहेरी गेली, असं लोक म्हणाले, आणि तो विनोद अजून आमच्या चहाच्या टपरीवर चालतो.

हे सगळं तिच्या फायलीत होतं, तपासणीची वहीही त्यातच शिवलेली. कुठल्या दिवशी किती उडाली, कोणता नट कुणी आवळला, सगळं. तळ बंद झाला तेव्हा यंत्राबरोबर फाईलही गावात आली. सोमवारी मी ती समोर ठेवून सगळा मजकूर पेन्सिलीने फलकावर उतरवला. मी नक्कल करतो तेव्हा जसंच्या तसं उतरवतो, डोकं लावत नाही. फक्त शेवटची ओळ सोडली. ती तुमच्या कचेरीने वेगळ्या कागदावर पाठवली होती: ‘मेकॅनिक खलफ याने शेपटीच्या पंख्याचा नट ढिला ठेवल्यामुळे हे हेलिकॉप्टर कोसळून सेवेतून बाद झाले.’

खलफ माझ्या घरापासून चौथ्या दारात राहतो. ती ओळ लिहायला माझा हात उठेना.

मंगळवारी दुपारी फाईल गायब झाली. आणि संध्याकाळच्या आत सगळं गाव म्हणू लागलं, खलफनेच पळवली.

२

संग्रहालयाची व्यवस्था ईदा बघते. ती खलफची मुलगी. म्हणजे किल्ली तिच्याकडे, कारणही तिच्याकडे. नगराध्यक्षाला एवढं पुरलं. त्याने तिला सांगितलं की गुरुवारपर्यंत फाईल आली नाही तर तिची नोकरी गेली, आणि फलक मात्र राजधानीच्या ओळीसकट लागेल.

मी गेलो तेव्हा ती रडत नव्हती, कपाट पुसत होती.

“काका, बाबांना विचारू नका,” ती म्हणाली. “ते हो म्हणतील. मला वाचवायला ते काहीही कबूल करतील.”

मग तिने सगळं सांगितलं. सकाळी तिच्या खोलीत तिघे जण बसले होते. नव्वाफ बेक, म्हणजे जरादाचा शेवटचा वैमानिक. उस्ताद जिर्यिस, तळाच्या कचेरीतला जुना कारकून, जो जुने फोटो द्यायला आला होता. आणि खलफ. नव्वाफ बेकने राजधानीहून आलेलं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: फाईल तपासणीसाठी बुधवारी परत पाठवावी. मग ईदा कॉफी करायला आत गेली. किल्ली कपाटालाच होती. ती परत आली, कॉफी झाली, तिघे एकामागून एक गेले. दुपारी तिने कपाट उघडलं तर फाईल नाही.

खलफ जाताना त्याच्या हातात पिशवी होती. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने ती पाहिली आणि गावभर फिरवली.

मी कपाट बघितलं. जाड फायली उभ्या लावलेल्या, मधेच एक फट. फटीत पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा होता. एका बाजूला गुलाबी छपाई, मिठाईच्या खोक्यातून कापलेला, कडा कात्रीने सरळ.

“हा काय प्रकार?” मी विचारलं.

“कचरा असेल,” ती म्हणाली. “चोर काय पुठ्ठा ठेवून जातो?”

मी तो खिशात टाकला. चोर पुठ्ठा ठेवून जात नाही, हे खरं. पण मग ठेवून जातं कोण?

३

नव्वाफ बेक गावाबाहेर डाळिंबाच्या बागेत राहतो. उजवा पाय ओढत चालतो. बत्तीस वर्षं खलफशी एक शब्द बोललेला नाही. बाजारात समोरून आला तर रस्ता बदलतो. खलफने माझा पाय घेतला, हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलंय की लोक त्याच्याबरोबर ते पुरं करतात.

मी विचारलं, फाईल कुणी नेली असेल. तो म्हणाला की ज्याची लाज तिच्यात आहे त्याने. मग त्याने त्या दिवसाची गोष्ट सांगितली, अर्थात न विचारता. ईद होऊन तीन दिवस झाले होते. राजधानीहून कुणी मोठा पाहुणा यायचा होता, त्याला वाळवंट वरून बघायचं होतं. पाहुण्याला आणायला नव्वाफ एकटाच निघाला. वीस मिनिटांत शेपटी फिरायला लागली. दगडांवर उतरवली, पाय गेला, जीव वाचला. महिन्याने चौकशी झाली आणि वहीत खलफचा शिक्का सापडला.

“उडण्याआधी वही तुम्ही बघितली असेल ना, बेक?” मी विचारलं. “वैमानिक सही केल्याशिवाय बसत नाही म्हणतात.”

त्याने डाळिंब फोडलं, दाणे माझ्यापुढे सरकवले, आणि बराच वेळ हात पुसत बसला.

“वही कचेरीत साहेबांकडे आहे म्हणाले,” शेवटी तो म्हणाला. “फोन आला, यंत्र ठीक आहे, निघा. मी निघालो.”

“म्हणजे शिक्का तुम्ही उडताना पाहिलाच नाही.”

“तू पाट्या रंगव, मिस्बाह,” तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

४

खलफ अंगणात एका पाण्याच्या पंपाचं पोट फाडून बसला होता. सैन्यातून काढल्यापासून तो हेच करतो, आणि चेहरा बघितला तर वाटेल या माणसाला जगात काही कमी नाही. मला बघून त्याने आधी चहा मागवला, मग पिशवी पुढे टाकली.

“घे, झडती घे. सगळ्या गावाला पिशवीत काय ते हवंय.”

पिशवीत फडकी होती. दर मंगळवारी तो जराच्या काचा पुसायला जातो. कुणी सांगितलेलं नाही. जरादाचं नाव तो अर्धंच घेतो, घरच्या माणसासारखं.

मी नटाचं विचारलं. तो हसला.

“चौकशीत मला आत बोलावलंच नाही. बाहेर बाकावर बसवलं आणि सांगितलं, तुझा शिक्का आहे, विषय संपला. पान मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. अरे, शिक्का तर माझ्याकडे नव्हताच. सुट्टीवर जाताना मेकॅनिकने आपला शिक्का कचेरीत जमा करायचा, असा नियम. मी ईदेच्या सुट्टीवर निघताना जमा केला तो मला परत मिळालाच नाही.”

“आणि नट?”

“नट मी आवळला की त्यावर आणि दांड्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढायचो. सगळेच ओढतात. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबूनही दिसतं. त्या वर्षी तळावरचा रंग संपला आणि नवा येईना. मग मी हिचं नेलपॉलिश न्यायला लागलो.”

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. तिला सगळे मुलावरून उम्म-मुतिब, मुतिबची आई, असंच म्हणतात. तीन बाटल्या नेल्या, लग्नातल्यासुद्धा, असं ती म्हणाली, आणि हेलिकॉप्टरची नखं रंगवणारा नवरा अल्लाने मलाच का दिला, हेही विचारलं.

“कोणता रंग?” मी विचारलं.

“जांभळा,” ती आतूनच म्हणाली. “तसला पुन्हा मिळाला नाही.”

मी चहा अर्धा टाकून उठलो. संग्रहालयासमोर माझी शिडी उभीच होती. शेपटीवर सात आकडा मीच नव्याने रंगवला होता, पण पंख्याच्या मधल्या भागाला हात लावला नव्हता. वर चढलो, ग्रीस आणि धूळ रॉकेलच्या बोळ्याने पुसली.

रेघ होती. जांभळी. नटावरून निघून दांड्यावर उतरलेली, सरळ, अखंड. तुमचा ढिला झालेला नट बत्तीस वर्षांत एक केसभर फिरला नव्हता.

५

नट ढिला नव्हता, तर मग ज्या शिक्क्याच्या जोरावर खलफला दोषी ठरवलं, ती नोंद आली कुठून? फाईल नव्हती. पण माझा फलक होता. चोराला, आणि तुम्हालाही, हे सुचलं नाही की अडाणी पाटीवाल्याने सगळं आधीच पत्र्यावर उतरवून ठेवलंय.

बुधवारी सकाळी मी ईदाला फलकासमोर उभं केलं आणि शेवटची नोंद वाचायला सांगितली. आमच्याकडे सरकारी नोंदीत दोन्ही तारखा लिहितात, चंद्राची आणि इंग्रजी.

“शेवटची तपासणी,” तिने वाचलं. “शेपटीचा पंखा, नट आवळला. तीस रमजान, सव्वीस मार्च. शिक्का, खलफ.”

वाचता वाचता तिच्या गळ्यातलं ओळखपत्र माझ्या नजरेसमोर हलत होतं. फोटो, नाव, पद, जन्मतारीख. मी दोनदा बघितलं.

“पोरी, तुझं नाव ईदा का ठेवलं?”

“ईदेच्या सकाळी झाले म्हणून. बाबांनी नमाजाहून येऊन मला हातात घेतलं. सगळ्या गावाला ही गोष्ट पाठ आहे, काका, तुम्हालाच…”

ती थांबली. आपलं ओळखपत्र तिने हातात धरलं. सव्वीस मार्च.

त्या वर्षी चंद्र एकोणतिसाव्या संध्याकाळीच दिसला होता. रमजान एकोणतीस दिवसांचाच झाला. सव्वीस मार्चला ईद होती. तीस रमजान हा दिवस त्या वर्षी उगवलाच नाही.

आणि त्या न उगवलेल्या दिवशी, सुट्टी सुरू झालेली असताना, घरी मुलगी जन्माला आलेली असताना, माझा शेजारी म्हणे तळावर नट आवळत होता.

जो माणूस त्या दिवशी खरंच वही लिहीत होता, त्याच्या हातून ही चूक होणं शक्य नाही. ईद आहे की उपास आहे हे पोटालाच कळतं. ही चूक फक्त अशा माणसाची, ज्याने कित्येक दिवसांनी भिंतीवरच्या छापील कॅलेंडरात बघून तारीख काढली. छापणारा वर्षाच्या आधी छापतो, चंद्र त्याला विचारून उगवत नाही. तळावरच्या प्रत्येक कॅलेंडरावर त्या वर्षी तीस रमजान पेनाने खोडलेला असणार. ज्याच्या कॅलेंडरावर खोडलेला नव्हता तो तळावरचा नव्हता.

राजधानीचा होता. पण लिहिताना अक्षर कुणाचं होतं? ते अक्षर मी सोमवारभर उतरवलं होतं, तळाच्या कारकुनाचं, आणि बोट माझ्या खिशातल्या पुठ्ठ्याला लागत होतं.

६

उस्ताद जिर्यिसच्या घरी भिंतभर पुस्तकं आहेत. तो गावाला पुस्तकं वाचायला देतो. बसायच्या खोलीत मी जैतून आणि पावाचा तुकडा तोंडात घातला आणि कपाटाकडे बघितलं. जिथे पुस्तक बाहेर गेलेलं, तिथे फटीत पुठ्ठ्याचा तुकडा उभा. गुलाबी छपाई. कडा सरळ.

मी खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला.

तो हसला, आणि वाटलं की या माणसाला कुणीतरी येईल म्हणून काल रात्रभर झोप नव्हती. “चाळीस वर्षांची सवय,” तो म्हणाला. “फाईल काढली की जागेवर पुठ्ठा. नाहीतर परत कुठे लावायची ते कळत नाही. मी चोरी करायला गेलो आणि हात आपोआप पुठ्ठा ठेवून आला.”

त्याने फाईल आणली. मग एक बिस्किटांचा डबा आणला.

त्याचं सांगणं मी थोडक्यात लिहितो. ईदेला तळावर जिर्यिस आणि त्याचे ख्रिस्ती सोबती ड्यूटी करायचे, नाताळला आमचे लोक. त्यामुळे सव्वीस मार्चला तळावर तोच होता. एकही मेकॅनिक आला नाही. एकोणतीस रमजानच्या दुपारी सुट्टीवर निघताना खलफने वहीत लाल रेघ मारून लिहिलं होतं की शेपटीतल्या एका भागाची मुदत संपलीय, नवा भाग तीनदा मागूनही आलेला नाही, यंत्र उडवू नये. आणि शिक्का जमा केला. अपघातानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही आलात. जिर्यिसला वही घेऊन राजधानीत नेलंत. ते पान फाडायला लावलंत, नवं पान सांगून लिहवलंत, जमा केलेला शिक्का त्यावर मारलात आणि जुनं जाळ म्हणालात.

“तारीख तुम्ही सांगितलीत की त्यांनी?” मी विचारलं.

“त्यांनी. मागे कॅलेंडर होतं, वळून बघितलं आणि म्हणाले, तीस रमजान लिही. माझा हात थांबला. मला माहीत होतं असा दिवस झालाच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुरुस्त केलं असतं.” त्याने डब्याचं झाकण उघडलं. “मी सांगितलं नाही. जसं म्हणाले तसं लिहिलं. घरी पाच पोरं होती, मिस्बाह. त्या दिवशी माझ्यात एवढीच हिंमत होती.”

डब्यात घडी केलेलं पान होतं. लाल रेघ, खलफचं वाकडं अक्षर, एकोणतीस रमजान. त्याने ते जाळलं नव्हतं, आणि खाली जमा शिक्क्यांच्या नोंदीचा कागदही होता. पण सुटं पान म्हणजे नुसता कागद. ते कुठून फाटलं ते दाखवायला फाईल हवी, आणि फाईल बत्तीस वर्षं कुलपात होती. आता ती हाताशी आली आणि तुमचं पत्रही आलं, बुधवारी परत पाठवा. म्हणून ईदा आत असताना, बेक आणि खलफ एकमेकांकडे पाठ करून बसले होते तेव्हा, त्याने ती फोटोंच्या पिशवीत सरकवली.

आम्ही फाईल उघडली. शिवणीत एक फाटकी पट्टी उरली होती. पान तिला लावलं. दातांना दात बसले.

७

गुरुवारी उद्घाटनाआधी जिर्यिसने ते सगळं नगराध्यक्षासमोर, सगळ्या गावासमोर सांगितलं. माझ्या शिडीवर नव्वाफ बेक चढला. पाय ओढत, कुणाचा हात न घेता. वर जाऊन त्याने जांभळी रेघ बघितली, बोट लावलं, आणि खाली यायला त्याला फार वेळ लागला.

खलफ जिर्यिसला एवढंच म्हणाला, “लेका, बत्तीस वर्षं तू माझं पान जपलंस आणि मी पंधरा वर्षं तुझा पंप फुकट दुरुस्त केला. निदान एकदा तरी म्हणायचंस की पंप चांगला चालतो.” जिर्यिस रडला. खलफने त्याला पाणी दिलं.

दुपारी नव्वाफ बेक खलफच्या घरी आला. उम्म-मुतिबने मन्सफ शिजवलं होतं, भात, मटण, वर आंबूस दह्याचा रस्सा, अंगणभर वास. त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला. त्याने तो तोंडाला लावला नाही, आपल्यापुढे जमिनीवर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने पेला असा ठेवला की त्याला काही मागायचं असतं, आणि ते मिळेपर्यंत तो पीत नाही.

“वही न बघता मी उडालो,” तो म्हणाला. “तो गुन्हा माझा. आणि बत्तीस वर्षं मी तुझं नाव घेतलं. ते मला परत घ्यायचंय.”

खलफने भाताचा घास हातात गोल केला, तसाच धरून ठेवला.

“पी कॉफी, बेक. दिलं. आणि जेवायला बस, पाय दुखत असेल.”

तो प्याला. ईदाने पेला भरला, मग पुन्हा भरला. माझ्या आठवणीत त्या अंगणात इतकं जेवण कधी संपलं नाही. ऊन छान होतं. पलीकडे चौथऱ्यावर जरादाच्या काचा चकाकत होत्या, आणि खलफ प्रत्येक नव्या माणसाला सांगत होता की मंगळवारी कुणी पुसल्या.

फलक मी संध्याकाळी पूर्ण केला. तुमची ओळ नाही लिहिली. लिहिलं ते असं: ‘मेकॅनिक खलफ यांनी एकोणतीस रमजानला वहीत लिहिले, उडवू नये. उडवण्यात आले.’

त्याखाली एका ओळीची जागा कोरी सोडलीय. डावीकडे फक्त ‘हुकूम देणारे’ एवढं रंगवलंय. रंग शिल्लक आहे, ब्रश भिजत ठेवलाय. नाव आम्हाला माहीत आहे, पण ते आम्ही लिहिलं तर तुम्ही म्हणाल, गावाने रचलं. खलफचं नाव तुम्ही त्याला न विचारता लिहिलंत. तुमचं आम्ही तुम्हाला विचारून लिहू. जे पान तुम्ही जाळायला सांगितलंत त्याची नक्कल या पत्रासोबत जोडली आहे, जमा शिक्क्यांच्या नोंदीचीही. त्यात खलफचा शिक्का एकोणतीस रमजानला आत गेलेला आहे आणि बाहेर कधीच आलेला नाही.

मग तीस रमजानला तो कुणाच्या हातात होता? सही करून उत्तर द्या.